दुर्गम तालुका ‘महाग’ पडतो, म्हणून त्याने मागेच राहायचे का? आरोग्य अर्थशास्त्राच्या बाजूने एक सविस्तर उत्तर

प्रश्न एका जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात काम करणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचा आहे. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा : ‘आरोग्य अर्थशास्त्र शेवटी एकच विचारते, की दिलेल्या रुपयात जास्तीत जास्त आरोग्य कुठे मिळेल. या हिशेबात डोंगरातला पाडा नेहमीच हरतो, कारण तिथे एका रुग्णापर्यंत पोहोचायला सपाटीपेक्षा कितीतरी जास्त खर्च येतो. मग सार्वत्रिक आरोग्य संरक्षण अधिक समन्यायी करायला हे शास्त्र वापरा, असे तुम्ही लोक कोणत्या तोंडाने सांगता?’

प्रश्न रास्त आहे. या विषयातल्या माणसांनी त्याला उडवाउडवीची उत्तरे दिल्याचे मी अनेक बैठकांत पाहिले आहे, म्हणून जरा लांबण लावून लिहितो.

आधी कबुली. आमच्या शास्त्राचे मूळ गणित सरासरीवर चालते. एका उपायाने किती निरोगी आयुर्वर्षे मिळाली, त्यासाठी किती रुपये पडले, हे आम्ही मोजतो. ती वर्षे कोणाच्या वाट्याला आली हे नेहमीच्या समीकरणात येत नाही. पुण्यातल्या नोकरदाराचे एक वर्ष आणि गडचिरोलीतल्या दुर्गम भामरागडच्या मजुराचे एक वर्ष कागदावर सारखेच मोजले जाते. वरवर ही समानता वाटते. पण पहिल्याला आजवर बरेच काही मिळालेले आहे आणि दुसऱ्याला जवळजवळ काहीच मिळालेले नाही, ही गोष्ट त्या समानतेत बुडून जाते. ब्रिटिश डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी 1971 मध्ये ‘व्यस्त सेवेचा नियम’ मांडला, तो हाच : चांगली वैद्यकीय सेवा जिथे गरज जास्त तिथे कमी आणि जिथे गरज कमी तिथे जास्त उपलब्ध असण्याकडे कल असतो. बाजार जितका मोकळा, तितका हा नियम जोरात चालतो, असेही त्यांनी नोंदवले होते.

तरीही हत्यार टाकून देण्याचे कारण मला दिसत नाही. अन्याय सहसा आकडा मोजल्यामुळे होत नाही, आकडा अर्ध्यावर मोजून थांबल्यामुळे होतो. ‘किती’ या प्रश्नाच्या पुढे ‘कोणाला’ आणि ‘कोणाच्या खिशातून’ हे दोन प्रश्न जोडले की तेच गणित बऱ्याचदा वेगळे उत्तर देते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, उच्च रक्तदाबाचे रुग्ण शोधून त्यांना वर्षभर नियमित औषध देण्यासाठी जिल्ह्याकडे 70 लाख रुपये आहेत. सपाटीवरच्या तालुक्यात एका रुग्णामागे 2,000 रुपये पडतात, डोंगरातल्या तालुक्यात 3,500. पहिल्या ठिकाणी 3,500 रुग्ण होतात, दुसऱ्या ठिकाणी 2,000. इथे फाईल बंद केली तर पाडा हरला. आता पुढचा प्रश्न विचारू : या 3,500 जणांपैकी किती जण आधीपासूनच गावातल्या खासगी डॉक्टरकडून औषध घेत होते? समजा, 40 टक्के. म्हणजे 1,400 जणांच्या रक्तदाबात आपल्या कार्यक्रमाने विशेष काही बदलले नाही आणि नव्याने उपचार मिळालेले 2,100 उरले. डोंगरात आधी औषध घेणारे जेमतेम 5 टक्के धरले, तर नव्याने उपचार मिळालेले 1,900 होतात. 1,500 रुग्णांचा फरक 200 वर आला, आणि आपण अजून न्यायाचा शब्दही काढलेला नाही. फक्त ‘आपण नसतो तर काय झाले असते’ एवढे नीट विचारले. आता डोंगरातल्या एका रुग्णाला सपाटीवरच्या सव्वा रुग्णाइतके महत्त्व द्यायचे ठरवले, तर 1,900 चे 2,375 होतात आणि पारडे फिरते. अर्थात सपाटीवरच्या त्या 1,400 जणांचे औषधाचे पैसे वाचले हाही लाभच आहे. तो लपवू नये, पण आर्थिक दिलासा म्हणून त्याची नोंद वेगळ्या रकान्यात करावी. आरोग्याचा लाभ आणि खिशाचा लाभ एकाच टोपलीत टाकले की दोन्ही दिसेनासे होतात.

या ‘सव्वापट’ भाराला काही जण नाक मुरडतात. हे कोण ठरवणार, हा राजकारणाचा विषय झाला, असे म्हणतात. मी त्यांना आपल्याच निकषांकडे बोट दाखवतो. प्राथमिक आरोग्य केंद्र सर्वसाधारण भागात 30,000 लोकसंख्येमागे एक आणि डोंगराळ-आदिवासी भागात 20,000 मागे एक. उपकेंद्र 5,000 ऐवजी 3,000 मागे एक. म्हणजे देशाने पहिल्या निकषात दुर्गम भागाला दीडपट आणि दुसऱ्यात त्याहून थोडा जास्तच भार कधीच देऊन टाकला आहे. विचारायचे ते पुढचे : इमारतीला दीडपट भार दिलात, मग औषधांना, वाहनाच्या डिझेलला, रिक्त पदांच्या भरतीला तोच भार दिलात का? माझ्या अनुभवात हा प्रश्न बैठकीत शांतता पसरवतो.

आता ‘दुर्गम भाग महागच’ या गृहीतकाकडे. हे वाक्य तिथल्या माणसांबद्दल असल्यासारखे बोलले जाते, पण ते असते सेवा पोहोचवण्याच्या आपल्या पद्धतीबद्दल. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 1990 च्या दशकात 39 गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच स्त्रियांना बाळाचे वजन, तापमान, श्वास आणि जंतुसंसर्गाची लक्षणे पाहायला शिकवले आणि गरज पडल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शन देण्यापर्यंत तयार केले. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर सुमारे 62 टक्क्यांनी घटलेला होता आणि खर्च दर बाळामागे साधारण 5.3 डॉलर. याच बाळांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी अतिदक्षता कक्ष उभारण्याचा हिशेब केला असता, तर गडचिरोली ‘न परवडणारी’ ठरली असती. पुढे 2011 पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत हे काम देशभर नेण्यात आले. तेव्हा एखाद्या तालुक्याचा दर रुग्णामागचा खर्च जास्त दिसला, की ‘हे काम दुसऱ्या कोणी, दुसऱ्या ठिकाणी केले तर किती पडेल’ हा पर्याय हिशेबात घेतल्याखेरीज निष्कर्ष लिहू नये.

याहून मोठी गोम मात्र विमा-योजनांच्या रचनेत आहे. महाराष्ट्रात 2012 साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, 2013 अखेर राज्यभर गेली, 2017 मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले आणि 2020 पासून ती आयुष्मान भारत–प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेशी जोडून चालवली जाते. 2023 च्या शासन निर्णयाने पिवळ्या-केशरी शिधापत्रिकांची अट मागे पडली, पांढऱ्या शिधापत्रिकेची कुटुंबेही आत आली आणि संरक्षण कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत गेले. कागदावर हे सार्वत्रिक संरक्षण आहे, आणि मी त्याला कमी लेखत नाही; हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी शेत गहाण टाकावे न लागलेली माणसे मी भेटलेलो आहे. पण अशा योजनेत पैसा हक्काच्या मागे जात नाही, दाव्याच्या, म्हणजे उपचारानंतर रुग्णालयाने मागितलेल्या रकमेच्या मागे जातो. दावा तिथेच तयार होतो जिथे अंगीकृत, म्हणजे योजनेशी करार केलेले रुग्णालय असते, आणि अंगीकृत रुग्णालये शहरांत एकवटलेली आहेत. नंदुरबारमधल्या दुर्गम धडगावच्या आणि पुण्याच्या कुटुंबाला सारखेच पाच लाखांचे कवच दिले, तरी एका कवचाचा वापर होतो आणि दुसरे कपाटात राहते. हप्ता किंवा तरतूद मात्र दोघांच्या नावे जाते. म्हणजे दुर्गम भागाच्या नावाने ठेवलेला पैसा नकळत शहरातल्या उपचारांना अनुदान देतो. यात कोणाचा दुष्ट हेतू असण्याचीही गरज नसते.

यावर दर वाढवण्याचा उपाय सुचवला जातो. केंद्राच्या योजनेत ‘आकांक्षित’, म्हणजे विकासात मागे पडलेले म्हणून निवडलेल्या जिल्ह्यांतल्या रुग्णालयांना पॅकेजवर, म्हणजे त्या त्या उपचाराच्या ठरलेल्या दरावर, दहा टक्के जास्त देण्याची तरतूद आहे. महाराष्ट्रात नंदुरबार, गडचिरोली, वाशिम आणि धाराशिव हे ते जिल्हे. दिशा बरोबर आहे, पण अर्थशास्त्राच्या नजरेने पाहिले तर हत्यार चुकीचे आहे. शस्त्रक्रियागृह, भूलतज्ज्ञ, रक्तपेढी, जनरेटर हा सगळा स्थिर खर्च असतो, रुग्ण आले नाहीत तरी तो होतच राहतो. जिथे महिन्याला मोजक्याच शस्त्रक्रिया होणार, तिथे प्रत्येकीवर दहा टक्के जास्त दिल्याने कोणी रुग्णालय उघडायला येत नाही. तिथे दाव्यागणिक पैसे देण्यापेक्षा उपजिल्हा रुग्णालयाला वर्षाची ठरावीक रक्कम आगाऊ देऊन ‘सिझेरियन आणि हाडांची शस्त्रक्रिया चोवीस तास होईल’ असे बांधून घेणे स्वस्तही पडते आणि न्याय्यही ठरते. पैसे कसे द्यायचे हा प्रश्न हिशेबनीसांवर सोडण्यासारखा नाही. तो आधी न्यायाचा प्रश्न आहे.

शिवाय आजारपणाचा खर्च बिलात मावत नाही. योजनेतून घरी गेलेल्या रुग्णांशी बोलताना ‘किती खर्च आला?’ असे विचारले की उत्तर ठरलेले असते : ‘काही नाही, योजनेत झालं.’ मग हळूहळू विचारत गेले की दाखल होण्याआधीच्या तपासण्या निघतात, भाड्याची जीप निघते, सोबतच्या दोघांचे जेवण निघते, ‘हे पॅकेजमध्ये बसत नाही’ म्हणून बाहेरून आणलेली औषधे निघतात, आणि सगळ्यांत शेवटी निघतो तो दोघातिघांचा बुडालेला रोज. प्रश्नावलीत शेवटचा प्रश्न नसेल तर तो खर्च अस्तित्वातच नाही असे समजले जाते. आदिवासी भागातल्या नवसंजीवनी योजनेत आजारी बालकासोबत राहणाऱ्या पालकाला ‘बुडीत मजुरी’ देण्याची सोय आहे. हा शब्द ज्याने कोणी शासकीय कागदात आणला, त्याला आमच्या कित्येक पाठ्यपुस्तकांपेक्षा अप्रत्यक्ष खर्च अधिक चांगला कळला होता. ही कल्पना बालकुपोषणापुरती न ठेवता क्षयरोग, डायलिसिस, कर्करोग यांना लावली तर किती पडेल आणि किती रुग्ण उपचार अर्धवट सोडायचे थांबतील, हा अभ्यास कोणत्याही जिल्ह्यात करण्यासारखा आहे.

विम्याचा रोख रुग्णालयात दाखल होण्यावर असतो, तर घरे हळूहळू पोखरली जातात ती रोजच्या औषधांनी. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्य खर्चात लोकांच्या खिशाचा वाटा 2013-14 मध्ये 64.2 टक्के होता, 2021-22 मध्ये तो 39.4 टक्क्यांवर आला. सुधारणा मोठी आहे, पण हा पुन्हा सरासरीचा आकडा आहे. गरीब माणसाने उपचारच घेतले नाहीत, तर त्याचा खिशातला खर्च शून्य येतो आणि सरासरी सुधारलेली दिसते. ‘आपत्तीकारक खर्च’, म्हणजे घराला न झेपणारा आरोग्यखर्च, मोजताना घरखर्चाच्या 10 किंवा 25 टक्क्यांची जी रेषा धरतात, तिचीही हीच अडचण आहे. म्हणून या आकड्याशेजारी ‘आजारी होते, पण उपचार घेतले नाहीत’ असे सांगणाऱ्यांचे प्रमाण उत्पन्नगटानुसार छापल्याखेरीज मी तो कोणत्याही सादरीकरणात वापरत नाही.

औषधांबाबत करण्यासारखे काय, हे शोधायला फार दूर जावे लागत नाही. तमिळनाडूने 1994 मध्ये वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन करून औषधांची केंद्रीय खरेदी, जिल्हा गोदामे आणि प्रत्येक संस्थेला पासबुक अशी पद्धत बसवली. संस्थेने आपल्या रकमेच्या मर्यादेत हवे ते औषध उचलायचे. राजस्थानने 2011 मध्ये मोफत औषध योजना त्याच धर्तीवर उभी केली. महाराष्ट्राने 2023 मध्ये स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा केला आणि त्याच वर्षी 15 ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क केले. केसपेपरचे पैसे माफ झाले हे चांगलेच, पण खिडकीवर गोळ्या नसतील तर रुग्ण समोरच्या दुकानात जातो आणि केसपेपरचे वाचलेले पैसे तिथे कैक पटींनी देऊन येतो. समन्यायाच्या दृष्टीने औषधाच्या रुपयाइतका चांगला रुपया दुसरा क्वचितच सापडतो, कारण सरकारी बाह्यरुग्ण विभागात येणारा माणूस बहुतेक वेळा दुसरीकडे जाणे न परवडणाराच असतो. लाभार्थी निवडायला यादी लागत नाही, रांगच ते काम करते.

आता ज्या उदाहरणावर मी विद्यार्थ्यांचा सगळ्यांत जास्त वेळ घेतो, ते थायलंडचे. तिथे 2002 मध्ये करांच्या पैशातून सार्वत्रिक योजना आली : बाह्यरुग्ण सेवेसाठी दरडोई ठरावीक रक्कम, दाखल रुग्णांसाठी आजारगटानुसार दर पण एकूण खर्चाला वरची मर्यादा. खिशातल्या खर्चाचा वाटा सुमारे एक तृतीयांशावरून पुढच्या काळात दहा-बारा टक्क्यांच्या आसपास आला. सुरुवातीला डायलिसिस मात्र योजनेबाहेर होते. अर्थतज्ज्ञांनी हिशेब मांडला तेव्हा डायलिसिसचा कोणताही प्रकार किफायतशीर ठरला नाही. तेवढ्या पैशात दुसरीकडे कितीतरी जास्त आयुर्वर्षे मिळाली असती. पण सरकारी नोकरांच्या आणि संघटित कामगारांच्या योजनांत डायलिसिस होते, आणि बाहेर राहिलेली कुटुंबे घरदार विकत होती. 2008 मध्ये ते सार्वत्रिक योजनेत घेण्यात आले, हिशेब विरोधात असतानाही.

इथे पुष्कळ जण म्हणतात, ‘म्हणजे अर्थशास्त्र हरले.’ मला उलट वाटते. हिशेब समोर होता म्हणूनच ‘आपण किफायतशीरपणाच्या पलीकडच्या कारणासाठी अमुक इतका पैसा खर्च करत आहोत’ हे उघडपणे सांगून निर्णय घेता आला. आणि निर्णय झाल्यावर तेच शास्त्र पुन्हा कामाला आले : पोटातून होणारे डायलिसिस घरी करता येते, त्याला यंत्रांचे केंद्र लागत नाही, द्रवाच्या पिशव्या खेड्यापर्यंत पोहोचवता येतात, म्हणून आधी तेच द्यायचे असे ठरले. शहरातली केंद्रे वाढण्याची वाट न पाहता गावातल्या रुग्णाला उपचार मिळाले. 2022 मध्ये रुग्णांना प्रकार निवडण्याची मुभा दिल्यावर यंत्रावरच्या डायलिसिसकडे ओघ वाढला आणि तिजोरीवर ताण आला. म्हणजे हा प्रश्न एकदा सोडवला की कायमचा सुटतो, असेही नाही. आपल्याकडे डायलिसिस योजनेत आहे, पण आठवड्याला दोन-तीन फेऱ्या केंद्रापर्यंत कराव्या लागतात. कार्ड असूनही फेऱ्या न झेपणारा रुग्ण कोणत्याच अहवालात दिसत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्लागार गटाने 2014 मध्ये न्याय्य निवडींबद्दल जे सांगितले, त्यातला एक मुद्दा मला रोज उपयोगी पडतो : अत्यावश्यक सेवा सर्वांपर्यंत पोहोचण्याआधी कमी प्राधान्याच्या सेवांचा विस्तार करणे ही अमान्य तडजोड आहे. आपल्याकडे पॅकेजांची यादी वाढली की बातमी होते. उपकेंद्रात रक्तदाबाच्या गोळ्या बाराही महिने मिळाल्या तर कोणी बातमी देत नाही. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्य खर्चाचा दोन तृतीयांश किंवा त्याहून जास्त वाटा प्राथमिक सेवेला द्यावा असे म्हटले, पंधराव्या वित्त आयोगानेही तेच सांगितले आणि राज्यांनी अर्थसंकल्पाच्या 8 टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्चावी असे सुचवले. मागणी करताना हे आकडे हाताशी ठेवावेत. वित्त विभागाशी बोलताना कळकळीपेक्षा त्यांच्याच कागदातले वाक्य जास्त चालते.

प्रश्नकर्त्यांना पुढच्या नियोजनासाठी काही करायचे असेल, तर कोणतेही महागडे सॉफ्टवेअर घेण्याआधी तीन तक्ते बनवावेत. गेल्या वर्षभरातले योजनेचे दावे रुग्णालयानुसार न लावता रुग्णाच्या राहत्या तालुक्यानुसार लावावेत आणि लोकसंख्येने भागावेत. शेजारी त्याच तालुक्यात औषधांवर, वाहनांवर आणि भरलेल्या पदांच्या वेतनावर झालेला दरडोई खर्च लिहावा. मंजूर तरतूद लिहू नये, कारण मार्चअखेर परत गेलेला पैसा तिच्यात लपतो. तिसऱ्या तक्त्यात गरजेचे काही साधे आकडे असावेत : बालमृत्यू, घरी झालेली बाळंतपणे, क्षयरोगाचे रुग्ण. मग तालुक्यांची नावे गरजेच्या क्रमाने वरून खाली लावून पाहावे, की पैसा त्याच क्रमाने उतरतो की उलटा चढतो. जिथे उलटा चढत असेल, तिथे आधी आकडे पुन्हा तपासून घ्यावेत, विशेषतः लोकसंख्या. 2011 च्या जनगणनेवर आजचा दरडोई खर्च काढताना हंगामी स्थलांतराचे तालुके हमखास फसवतात. ऊसतोडीला गेलेली कुटुंबे सहा महिने ज्या तालुक्यात राहतात, तिथल्या यादीत ती नसतात, आणि जिथल्या यादीत असतात, तिथे ती राहत नसतात. त्यांच्यासाठी तक्त्यात एक वेगळी ओळ ठेवावी आणि तिच्यातला खर्चाचा रकाना भरता येतो का, ते पाहावे.